मागच्या वेळी थोडक्यात पडला म्हणून यावेळी येईलच असं नसतं

रिपब्लिकन पक्षाचा जॅक चिटरेली २०२१ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरच्या इलेक्शनमध्ये तीन टक्क्यांनी पडला आणि तिथून पुढची चार वर्षं न्यू जर्सीत सगळीकडे एकच हिशोब ऐकू येत होता, की आता फक्त थोडंसं ढकलायचंय, पुढच्या वेळी हा माणूस गव्हर्नर होणार. हिशोब दिसायला सोपा होता. ज्या राज्यात बायडन एका वर्षापूर्वी १६ टक्क्यांनी जिंकला होता तिथे सत्तेत बसलेल्या डेमोक्रॅट फिल मर्फीला याने घाम फोडला, फरक राहिला साधारण ८४ हजार मतांचा, मग २०२४ मध्ये ट्रम्प इथे सहाच टक्क्यांनी मागे राहिला, म्हणजे हवा त्याच दिशेने वाहतेय, आणि २०२५ ला मर्फी उभाच राहू शकत नाही कारण सलग दोन टर्म झाल्या. मग नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि डेमोक्रॅट मिकी शेरिलने त्याला साधारण १४ टक्क्यांनी हरवलं.

भारतात बसून वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. इथला गव्हर्नर म्हणजे दिल्लीहून नेमलेला राज्यपाल नाही, तो थेट लोकांनी निवडलेला, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा राज्य चालवणारा माणूस. त्यातही न्यू जर्सीचा गव्हर्नर जरा जास्तच ताकदीचा, कारण १९४७ च्या राज्यघटनेने ॲटर्नी जनरलपासून न्यायाधीशांपर्यंत नेमणुका त्याच्या हातात दिल्या आणि बजेटमधली एकेक ओळ खोडायचा अधिकारही दिला. गव्हर्नर आणि त्याच्या जोडीचा लेफ्टनंट गव्हर्नर सोडला तर राज्य सरकारातलं दुसरं कुठलंच पद राज्यभरातून निवडून येत नाही. आणि इलेक्शन येते विषम वर्षात, प्रेसिडेंटच्या इलेक्शनच्या बरोबर पुढच्या वर्षी. या शेवटच्या मुद्द्यावर परत यायचंय, ते डोक्यात ठेवा.

आता जो आकडा बघून मला हे सगळं लिहावंसं वाटलं तो सांगते. २०२१ मध्ये चिटरेलीला साडेबारा लाखांच्या आसपास मतं पडली होती. २०२५ मध्ये त्याला पडली चौदा लाखांच्या वर. म्हणजे १४ टक्क्यांनी आपटलेल्या माणसाची मतं तीन टक्क्यांनी पडलेल्या माणसापेक्षा दीड लाखांनी जास्त आहेत, आणि तो एकच माणूस आहे! त्याच्या लोकांनी त्याला सोडलं नाही. त्याने मेहनत कमी केली असंही नाही, तो तर गावोगाव डायनरमध्ये बसून लोकांशी बोलत फिरत होता. फरक पडला तो समोर, डेमोक्रॅट्सची मतं साडेतेरा लाखांच्या आतबाहेर होती ती जवळपास १९ लाखांवर गेली.

म्हणून माझं म्हणणं असं, की आव्हान देणाऱ्याचा चान्स बघायचा असेल तर त्याच्याकडे बघून फार काही कळत नाही. त्याची गर्दी, त्याचे बोर्ड, त्याचा मागचा फरक, हे सगळं आपण बघतो कारण ते डोळ्यांना दिसतं. पण बघायला हवं ते समोरच्याच्या घरात, तिथले लोक कंटाळून घरी बसलेत का रागाने बाहेर पडलेत.

२०२१ नीट आठवून बघा. तेव्हा मतदान जेमतेम ४० टक्के झालं. मॉनमथ युनिव्हर्सिटीचा शेवटचा पोल मर्फीला ११ टक्के पुढे दाखवत होता. निकाल लागल्यावर तिथल्या पॅट्रिक मरेने पेपरात लेख लिहून माझं चुकलं असं सरळ कबूल केलं, जे या धंद्यात फार कमी लोक करतात. (ती पोल घेणारी संस्था २०२५ मध्ये युनिव्हर्सिटीने बंदच केली, मला त्याचं मनापासून वाईट वाटलं.) त्याच रात्री साऊथ जर्सीत स्टीव्ह स्वीनी, राज्याच्या सिनेटचा वर्षानुवर्षांचा अध्यक्ष, ज्याच्या परवानगीशिवाय राजधानी ट्रेन्टनमध्ये पान हलत नव्हतं, तो एड डर नावाच्या ट्रक ड्रायव्हरकडून हरला. लोकांनी याचा अर्थ काढला की राज्य रिपब्लिकन होतंय. तसाही अर्थ निघू शकतो, पण दुसरा अर्थही तितकाच समोर होता, की बायडन व्हाईट हाऊसमध्ये बसल्यावर डेमोक्रॅट मतदार निवांत झाला, त्यात कोविडचे नियम, शाळा, पेट्रोल यांना वैतागलेला होता, आणि मर्फी येणारच आहे म्हणून मत द्यायला गेला नाही. तो पक्ष सोडून गेला नव्हता. घरी होता.

आणि घरी बसलेला माणूस परत येऊ शकतो, हे विसरलं की सगळं गणित चुकतं. तीन टक्क्यांचा फरक ही काही जिन्याची पायरी नाही की एकदा चढलो तर पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात. दर चार वर्षांनी सगळे खालीच उभे असतात.

हे फक्त रिपब्लिकनांच्या बाबतीत होतं असं कोणाला वाटत असेल तर जॉर्जिया बघा. डेमोक्रॅट स्टेसी अब्राम्स २०१८ मध्ये गव्हर्नरच्या इलेक्शनमध्ये रिपब्लिकन ब्रायन केम्पकडून साधारण ५५ हजार मतांनी हरली. देशभरात नाव झालं, पैसा अक्षरशः ओतला गेला, मतदार नोंदणीचं तिचं काम तर खरंच मोठं होतं, ते नाकारता येणार नाही. २०२२ ला पुन्हा तेच दोघं समोरासमोर आणि ती हरली जवळपास तीन लाखांनी. तिची स्वतःची मतंही आधीपेक्षा कमी झाली. का? कारण मधल्या चार वर्षांत केम्प बदलला होता, म्हणजे लोकांच्या नजरेत बदलला होता. २०२० च्या निकालावरून ट्रम्पने त्याच्यावर दबाव आणला, त्याने ऐकलं नाही, ट्रम्पने त्याच्याविरुद्ध प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या इलेक्शनमध्ये, माणूस उभा केला आणि केम्पने त्याला सहज हरवलं, त्यामुळे जे मधले मतदार २०१८ ला त्याला घाबरत होते ते म्हणायला लागले की हा ठीक आहे. त्याच राज्याने त्याच वर्षी डेमोक्रॅट राफेल वॉर्नॉकला सिनेटवर पाठवलं, म्हणजे मतदार डेमोक्रॅट्सवर रागावला होता असं नाही, त्याला फक्त केम्पला काढायचं कारण सापडलं नाही.

उलटं उदाहरणही आहे आणि ते न्यू जर्सीतलंच आहे, ते लपवून माझा मुद्दा पुढे रेटणं बरोबर नाही. डेमोक्रॅट जिम फ्लोरिओ १९८१ मध्ये रिपब्लिकन टॉम केनकडून हरला तो फक्त १,७९७ मतांनी, अख्ख्या राज्यात! आणि तोच फ्लोरिओ १९८९ मध्ये ६० टक्क्यांच्या वर मतं घेऊन गव्हर्नर झाला. म्हणजे थोडक्यात हरलेला परत येतो, येतो की. पण मध्ये काय झालं ते बघा. १९८५ ला केन लोकप्रिय होता, ७० टक्के मतं घेऊन परत आला, त्या वर्षी फ्लोरिओ उभाच राहिला नाही. तो थांबला. १९८९ ला केनच्या दोन टर्म संपल्या, वॉशिंग्टनमध्ये समोरच्या पक्षाचा बुश बसला होता, तेव्हा तो आला. १,७९७ मतांची ती जुनी कथा त्याच्या कामी आली नाही, वेळ कामी आली. आणि पुढे जाऊन याच फ्लोरिओने १९९० मध्ये २.८ अब्ज डॉलरची करवाढ केली, लोक भयंकर खवळले, १९९३ मध्ये रिपब्लिकन क्रिस्टी व्हिटमनने त्याला साधारण २६ हजार मतांनी घरी पाठवलं.

१९४७ नंतर न्यू जर्सीत खुर्चीत बसलेल्या गव्हर्नरला नोव्हेंबरच्या इलेक्शनमध्ये पाडणं दोनदाच जमलंय, १९९३ ला व्हिटमनला आणि २००९ ला क्रिस ख्रिस्टीला. (एक विल्यम काहिल १९७३ मध्ये स्वतःच्या पक्षाच्या प्रायमरीतच पडला, तो वेगळा किस्सा.) दोन्ही वेळा आव्हान देणारा फार आवडता होता असं मला वाचून वाटत नाही. दोन्ही वेळा खुर्चीतल्या माणसाचे स्वतःचे मतदार त्याच्यावर नाराज होते. २००९ ला पडलेला जॉन कॉरझाइन तर आधी गोल्डमन सॅक्सचा प्रमुख होता, स्वतःच्या खिशातून पैसा लावत होता, ओबामा शेवटच्या रविवारी येऊन नूअर्कला सभा घेऊन गेला, तरी पडला, कारण मंदी, टोल आणि प्रॉपर्टी टॅक्स या तीन गोष्टींनी त्याचेच लोक बेजार झाले होते.

पण नुसती नाराजी पुरत नाही, हे १९७७ ने दाखवलंय, आणि मला वाटतं हे उदाहरण आजच्या प्रत्येक चॅलेंजरच्या टीमने भिंतीवर लावावं. ब्रेंडन बर्नने १९७६ मध्ये राज्यात इन्कम टॅक्स आणला. लोक इतके भडकले की त्याचं पुन्हा निवडून येणं कोणी धरतच नव्हतं. समोर होता रे बेटमन, चांगला, अनुभवी, सगळ्यांशी जमवून घेणारा. आणि बर्न आरामात जिंकला! कारण बेटमनला लोकांनी एकच प्रश्न विचारला, टॅक्स काढणार तर पैसे आणणार कुठून, आणि त्याने आणलेला प्लॅन लोकांना पटला नाही. व्हिटमनने १९९३ मध्ये हे बरोबर ओळखलं, इन्कम टॅक्स ३० टक्क्यांनी कमी करते, बस. अर्थतज्ज्ञ नाकं मुरडत होते पण वाक्य सगळ्यांच्या लक्षात राहिलं.

२०२५ मध्ये हे वाक्य कोणाकडे होतं? इथे मला सगळ्यात जास्त आश्चर्य वाटतं, कारण ते चॅलेंजरकडे असायला हवं होतं आणि ते गेलं सत्ताधारी पक्षाच्या उमेदवाराकडे.

जून २०२५ पासून न्यू जर्सीत लाईटची बिलं १७ ते २० टक्क्यांनी वाढली. कारण किचकट आहे. तेरा राज्यं आणि वॉशिंग्टन डीसी मिळून पीजेएम नावाचं एक ग्रिड आहे, तिथे पुढच्या वर्षांसाठी वीज राखून ठेवायचा लिलाव होतो, त्या लिलावातला दर मेगावॉट-दिवसाला २८.९२ डॉलरवरून एकदम २६९.९२ डॉलरवर गेला, म्हणजे नऊपट. डेटा सेंटर्स वाढली, जुने प्लांट बंद झाले, नवीन प्लांट वेळेत जोडले गेले नाहीत. पण घरात बिल उघडणाऱ्याला हे काही माहीत नसतं आणि त्याने माहीत करून घ्यावं अशी अपेक्षाही चुकीची आहे. जुलैचं बिल आमच्या घरी आलं तेव्हा मी ते मागच्या वर्षीच्या जुलैच्या शेजारी ठेवून बघितलं, युनिट जवळपास तेवढेच, एसी तेवढाच, आणि खालची रक्कम बघून सासूबाईंनी विचारलं की मीटर बिघडलंय का. असा प्रश्न त्या महिन्यात हजारो घरांत विचारला गेला असणार.

आता विचार करा, राज्यात आठ वर्षं डेमोक्रॅट गव्हर्नर, विधिमंडळही त्यांचंच, बिल वाढलं. याहून सोपा बॉल चॅलेंजरला कधी मिळणार? चिटरेलीने मर्फीच्या क्लीन एनर्जीच्या धोरणाला, समुद्रातल्या पवनचक्क्यांना दोष दिला, शेजारच्या राज्यांबरोबरच्या कार्बन कमी करायच्या करारातून राज्य बाहेर काढू म्हणाला. त्यात काही तथ्य आहे की नाही यावर वाद घालता येईल. पण ते वाक्य मागे बघणारं होतं, आणि शेरिल म्हणाली, पहिल्या दिवशी विजेच्या दरांवरून आणीबाणी जाहीर करून दर गोठवते. ते कायद्याने कितपत जमेल, किती दिवस टिकेल, हे प्रश्न रास्त आहेत आणि मला स्वतःला त्या आश्वासनाबद्दल शंका आहेत. पण बिल हातात धरलेल्या माणसाला दोघांपैकी कोणाचं बोलणं उत्तरासारखं वाटलं असेल, हे सांगायला पोल लागत नाही. १९७७ मध्ये बेटमनचं जे झालं तेच इथे झालं, नाराजी होती, उत्तर नव्हतं.

आणि मग वॉशिंग्टन. विषम वर्षातल्या इलेक्शनचं म्हणाले होते ते इथे येतं. १९८९ पासून २०१७ पर्यंत न्यू जर्सीने दरवेळी व्हाईट हाऊसमध्ये जो पक्ष असेल त्याच्या विरुद्ध पक्षाचा गव्हर्नर निवडला, एकदाही अपवाद नाही. २०२१ ला मर्फीने ते मोडलं, पण मोडता मोडता जेमतेम वाचला. म्हणजे २०२१ मध्ये चिटरेलीच्या मागे जो वारा होता तो बायडनच्या विरुद्धचा वारा होता, त्याचा स्वतःचा नव्हता. २०२५ मध्ये ट्रम्प परत आला आणि वारा फिरला, हे जानेवारीतच दिसत होतं.

यात चिटरेलीची अडचण मला समजते, खरंच समजते. २०१५ मध्ये याच माणसाने ट्रम्पला भोंदू म्हटलं होतं. मग पक्ष ट्रम्पचा झाला आणि प्रायमरी जिंकायची तर ट्रम्पचा हात डोक्यावर हवा, तो २०२५ च्या मे महिन्यात मिळाला आणि प्रायमरी त्याने ६० टक्क्यांच्या बऱ्याच वर मतं घेऊन जिंकली. पण डिबेटमध्ये ट्रम्पला ग्रेड द्या म्हटल्यावर त्याने ए दिला, आणि हे अशा राज्यात जिथे ट्रम्प तिन्ही वेळा हरलाय. मधल्या मतदाराला त्याच्याकडून एवढंच ऐकायचं होतं, की ट्रेन्टनमध्ये बसून हा वॉशिंग्टनला कधी नाही म्हणेल का. तेच आलं नाही.

ऑक्टोबरात तर परीक्षाच झाली. ट्रम्पने हडसन नदीखालच्या नव्या रेल्वे बोगद्याचं काम, गेटवे म्हणतात ते, १६ अब्ज डॉलरचं, ते बंद केलं असं जाहीर करून टाकलं. आता हा बोगदा काय आहे हे जर्सीत राहणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. आत्ताचे दोन बोगदे १९१० सालचे आहेत, २०१२ च्या सँडी वादळात त्यांत खारं पाणी शिरलं, तेव्हापासून ते आतून झिजतायत. मेट्रोपार्क किंवा एडिसनच्या प्लॅटफॉर्मवर सकाळी उभे राहा, निम्मे चेहरे आपले दिसतील, तेलुगू, गुजराती, तमिळ आणि मराठी, सगळे मॅनहॅटनला निघालेले, आणि बोगद्यात एक तार तुटली की सगळे तास-दीड तास लटकलेले. त्याच वर्षी मे महिन्यात ट्रेन ड्रायव्हरांचा संप झाला होता, १९८३ नंतरचा पहिला, तेव्हा तीन दिवसांत लोकांची काय अवस्था झाली ते सगळ्यांनी पाहिलंय. अशा लोकांसमोर जाऊन बोगदा बंद करणाऱ्याबद्दल कडक बोलता न येणं हे कुठल्याही चॅलेंजरला परवडणारं नव्हतं.

आपल्या लोकांसाठी त्यात सप्टेंबरमधली एच-वन-बीवरची एक लाख डॉलरची फी आली. तो शुक्रवार-शनिवार ज्या घरांत गेला त्यांना विचारा. सुट्टीला पुण्याला गेलेला मुलगा रात्रीतून तिकीट काढून परत येतोय, कंपनीच्या वकिलाचा मेल आलाय की देशाबाहेर असाल तर लगेच या, मग दुसऱ्या दिवशी सरकारकडून खुलासा की आधीच व्हिसा असलेल्यांना लागू नाही. व्हिसावाल्याला मत नसतं हे खरं, पण त्याच्या बहिणीला, मामाला, मॅनेजरला असतं. २०२४ मध्ये आपल्यातले बरेच जण महागाई आणि बॉर्डरच्या मुद्द्यावर ट्रम्पकडे सरकले होते, मी कितीतरी घरांत ते ऐकलंय आणि त्यांची कारणं काही खोटी नव्हती. तसंच लॅटिनो वस्त्यांत झालं, पसेइक काउंटी २०२४ ला चक्क ट्रम्पने जिंकली होती. २०२५ मध्ये तीच काउंटी दोन आकडी फरकाने शेरिलकडे गेली. म्हणजे २०२४ मध्ये जे सरकले ते कायमचे सरकले होते असं धरून चाललेला पूर्ण हिशोबच वाळूवर होता.

झाल्यावर सगळेच शहाणे होतात असं कोणी म्हणेल. बरोबर आहे, म्हणून मी फक्त त्याच गोष्टी बघते ज्या नोव्हेंबरच्या आधी सगळ्यांसमोर होत्या. एप्रिल २०२५ मध्ये विस्कॉन्सिन राज्याच्या सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशाच्या इलेक्शनमध्ये, जिथे पाच महिन्यांपूर्वी ट्रम्प जिंकला होता, डेमोक्रॅट्सच्या बाजूची उमेदवार १० टक्क्यांनी जिंकली. जूनमध्ये न्यू जर्सीच्या प्रायमरीत डेमोक्रॅट्सकडे आठ लाखांच्या वर लोक मतदानाला आले, रिपब्लिकनांकडे पाच लाखांच्या आत. शेरिलला त्यात सहा उमेदवारांमध्ये एक तृतीयांशच मतं मिळाली म्हणून पक्ष फुटलाय, काळे मतदार प्रायमरीत हरलेल्या रास बराकाकडून हिच्याकडे येणार नाहीत, असं जिकडेतिकडे लिहिलं गेलं. मला ते वाचन तेव्हाही पटत नव्हतं. सहा जण एकमेकांशी भांडले म्हणून आठ लाख लोक बाहेर पडले, ते भांडण बघायला आलेले नव्हते, ते ट्रम्पवरचा राग घेऊन आलेले होते आणि तो राग घेऊन ते नोव्हेंबरला पुन्हा येणार होते. उलट चिटरेलीचा प्रायमरीतला सहज विजय पक्षाच्या एकजुटीचा पुरावा धरला गेला, आणि एकजूट होतीच, पण जेवढे लोक होते तेवढ्यांचीच.

मधल्या काळात बातम्या कशाच्या होत्या? शेरिलच्या नेव्हल अकॅडमीतल्या जुन्या रेकॉर्डच्या, चिटरेलीच्या जुन्या बिझनेसच्या, कोण कोणावर केस करणार याच्या. आठवडेच्या आठवडे त्यात गेले. शेवटच्या दिवसांत काही पोल एक-दोन टक्क्यांचाच फरक दाखवत होते, बहुतेक २०२१ ला चटका बसल्यामुळे सगळे यावेळी उलट्या बाजूला झुकले, हा माझा अंदाज.

मला यात खरी तळमळ आपल्या लोकांबद्दल आहे. ऑगस्टच्या शेवटी गणपतीत, ओळखीच्या एका घरी आरतीनंतर मोदक खाता खाता इलेक्शनचा विषय निघाला, तर दहा-बारा नागरिक असलेल्या माणसांत निम्मे म्हणाले की चिटरेली येणारच आता, निम्मे म्हणाले की हे ब्लू स्टेट, म्हणजे डेमोक्रॅट्सचंच राज्य आहे, काही होत नाही, आणि दोन्ही बाजूंनी निष्कर्ष एकच काढला की आपल्या मताने काय फरक पडतो. ज्यांचा प्रॉपर्टी टॅक्स वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर आहे, ज्यांची मुलं पब्लिक स्कूलमध्ये आहेत, जे रोज ट्रेनने जातात, ती ही माणसं. प्रेसिडेंटच्या इलेक्शनला रात्री जागतात आणि गव्हर्नरच्या वेळी टपालाने आलेली मतपत्रिका फ्रिजवर मॅग्नेटखाली पडून असते. येणारच आणि पडणारच, या दोन शब्दांनी लोक घरी बसतात, आणि २०२१ मध्ये नेमके तेवढेच लोक घरी बसले म्हणून मर्फी पडता पडता राहिला. म्हणून चान्स नीट मोजणं हा टाइमपास नाही असं मी म्हणते. चुकीचा अंदाज स्वतःच मतं खातो.

२०२६ मध्ये ३६ राज्यांत गव्हर्नरच्या इलेक्शन आहेत आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त चर्चा ओहायोची, कारण तिथे रिपब्लिकनांकडून विवेक रामस्वामी आहे. पण सगळे रामस्वामीबद्दलच बोलतायत, तो किती हुशार, किती श्रीमंत, ट्रम्पचा किती जवळचा. मी समोरच्या बाजूने बघते. तिथे आव्हान द्यायला डेमोक्रॅट्सकडून डॉक्टर एमी ॲक्टन उभी आहे, कोविडच्या सुरुवातीला राज्याची आरोग्य संचालक होती, रोज दुपारी टीव्हीवर यायची, तेव्हा काहींची लाडकी आणि काहींची शत्रू झाली. डेमोक्रॅट्सनी ओहायोत गव्हर्नर शेवटचा जिंकला तो २००६ मध्ये. २०२४ ला ट्रम्प तिथे ११ टक्क्यांनी जिंकला. हे बघून लोक म्हणतात की संपला विषय.

माझ्या मते संपलेला नाही. २०११ पासून तिथे सलग रिपब्लिकन गव्हर्नर आहेत, म्हणजे जे काही बिघडलंय त्याचं खापर फोडायला दुसरं डोकं नाही. ओहायोही त्याच पीजेएम ग्रिडवर आहे, कोलंबसच्या आजूबाजूला डेटा सेंटर्स उभी राहतायत, तिथेही बिलं वाढलीयेत, आणि प्रॉपर्टी टॅक्सवरून लोक तिथेही पेटलेत. मँडेट काढून घ्यायची सगळी कारणं जमा आहेत. केंटकीत २०१९ मध्ये अँडी बेशिअरने मॅट बेव्हिनला पाच हजार मतांनी पाडलं ते याच रस्त्याने, ट्रम्पने ३० टक्क्यांनी जिंकलेल्या राज्यात, कारण शिक्षकांच्या पेन्शनवरून गव्हर्नरने घरोघरी शत्रू करून ठेवले होते. फरक एवढाच की बेव्हिन खुर्चीत होता आणि रामस्वामी नाही, त्याच्यावर जुना हिशोब टाकणं कठीण आहे, तो स्वतःलाच बदल म्हणवून घेऊ शकतो. म्हणून ॲक्टनच्या सभेला किती लोक आले हे मी मोजणार नाही. ती बिलावर एका वाक्यात काय उत्तर देते, ते वाक्य टोलेडो आणि यंग्सटाऊनच्या युनियनवाल्या घरांत, जे एकेकाळी डेमोक्रॅट होते, तिथे कोणी परत बोलून दाखवतं का, आणि क्लीव्हलंडमध्ये २०२२ आणि २०२४ ला जे मतदानाला आलेच नाहीत ते यावेळी किती येतात, या तीन गोष्टी ऑक्टोबरपर्यंत दिसल्या तर तिचा चान्स खरा आहे. नाही दिसल्या तर पोलमध्ये ती दोन टक्क्यांवर असली तरी मी तिच्यावर पैज लावणार नाही.